काचेची तार

(साक्षरता वर्गापुढे काष्टी येथे केलेले भाषण)



आज शुक्रवार. उद्या आपला बाजार. पहाटेपासून दौंडकडून, कर्जतकडून, श्रीगोंद्याकडून टेम्पो येतील. गाई येतील, बैल येतील, शेळ्या येतील. रस्त्यावर पाय ठेवायला जागा राहणार नाही. म्हणून आजच चार गोष्टी बोलून घेऊ.

आम्ही लहान होतो तेव्हा वडिलांचे बोट धरून असल्याच बाजारात गेलो होतो. घरचा एक खोंड विकायचा होता. दलाल आला. त्याने वडिलांचा हात आपल्या उपरण्याखाली ओढून घेतला. वर दोघे पावसापाण्याच्या गोष्टी करीत होते. खाली बोटे दाबली जात होती, सुटत होती. थोड्या वेळाने दलालाने हात सोडला आणि पाठीवर थाप मारली. सौदा झाला होता! भोवती वीस माणसे उभी होती. भाव एकालाही कळला नाही.

घरी आल्यावर कळले की तसलाच खोंड शेजाऱ्याने आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त पैशाला विकला. वडील काही बोलले नाहीत. चिलीम ओढत बसले. ज्याला खरा भाव ठाऊक असतो त्याची बोटे उपरण्याखाली घट्ट राहतात. ज्याला ठाऊक नसतो त्याची सैल पडतात. आमच्या वडिलांची त्या दिवशी सैल पडली.

आता काळ बदलला. जमिनीचा उतारा, पिकाचा विमा, मुलाच्या परीक्षेचा अर्ज, बाजारभाव, दवाखान्याचा नंबर, सगळे इंटरनेटवर आले. इंटरनेट म्हणजे काय? जगभरचे संगणक एकमेकांना जोडून केलेले जाळे. त्यावर ठेवलेली माहिती कोणीही, कोठूनही पाहू शकतो. म्हणजे उपरणे बाजूला झाले म्हणा ना! पण ज्याच्या घरापर्यंत ते जाळेच पोचत नाही, त्याच्यासाठी उपरणे अजून तिथेच आहे.

आपल्या वर्गात एक बाई आहेत. नाव सांगत नाही, कारण त्या इथेच बसल्या आहेत आणि लाजतील. त्या वस्तीवर राहतात. गेल्या वर्षी अक्षरे शिकल्या. अंगठा सोडून सही करू लागल्या. परवा त्यांना सातबारा हवा होता. १ मे २०१८ पासून आपल्या राज्यात सातबारा घरबसल्या मिळतो. त्यावर तलाठ्याची शाई नसते. संगणकाची सही असते, आणि ती कायद्याने चालते. सरकारी दर एका उताऱ्याला १५ रुपये. या बाई एका केंद्रावर गेल्या. तिथला पोरगा म्हणाला, "नेट नाही. उद्या या." उद्या गेल्या. नेट नाही. तिसऱ्या दिवशी नेट आले. तीन दिवसांचा खाडा झाला. त्यांच्या मोबाईलवर नंबर आला, ज्याला ओटीपी म्हणतात. त्या पोराने फोन त्यांच्या हातातून घेतला, नंबर वाचला, टाकला, कागद काढला आणि ८० रुपये घेतले.

संध्याकाळी वर्गाला आल्या त्या गप्पच होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, मला आता वाचाया येतंय. पण नंबर त्यानंच वाचला अन् त्यानंच टाकला. मग मी शिकले कशाला?"

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत घालवली. मुलांनी हजारो प्रश्न विचारले. पण त्या संध्याकाळी आम्हाला उत्तर देता आले नाही. आजचे बोलणे म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर समजा.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, नेट नाही कसं? माझ्या खिशात मोबाईल आहे. पोरगं दिवसभर त्यात तोंड घालून बसलेलं असतं." खरे आहे. २०१६ नंतर मोबाईलचे नेट स्वस्त झाले आणि गावोगाव पोचले. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण उद्या बाजारात दुपारी बाराच्या सुमाराला आपला मोबाईल काढून पाहा. चक्र नुसते फिरत राहील. का? टॉवर म्हणजे हातपंप आहे. पंप एक आणि घागरी हजार झाल्या की कोणाचीच लवकर भरत नाही. आणि वस्तीवर, ओढ्याच्या खोलात, तर पंपाचे पाणीच पोचत नाही. २०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या, तेव्हा वस्तीवरची पोरे रेंज शोधत बांधावर, नाहीतर पाण्याच्या टाकीवर चढून बसत. आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एक पोर टाकीवर बसून पाढे म्हणत होते आणि खाली त्याची आजी हात जोडून उभी होती, पोर पडू नये म्हणून.

मोबाईलवर निरोप येतो, चित्र येते. पण शाळेतल्या चाळीस मुलांना एकदम धडा दाखवायचा असेल, आरोग्य उपकेंद्रातून शहरातल्या डॉक्टरला पेशंट दाखवायचा असेल, तर रुंद पाट लागतो. त्यालाच ब्रॉडबँड म्हणतात. पाट किती रुंद असला म्हणजे त्याला ब्रॉडबँड म्हणायचे, हे सरकारने ठरवून दिले आहे. २०२३ पासून हे माप सेकंदाला किमान २ मेगाबिट असे आहे. त्याआधी याच्या चौथाई होते. गरज वाढली तसे माप वाढले. पेशंट दाखवण्याचे आम्ही उगाच म्हणत नाही. ई-संजीवनी नावाची सरकारी सेवा २०१९ पासून आहे. उपकेंद्रातली ताई संगणकावरून डॉक्टरला जोडून देते आणि पेशंट आपल्या तोंडाने दुखणे सांगतो. मध्येच चित्र थांबले, आवाज तुटला, तर डॉक्टर औषध काय सांगणार?

रुंद पाट येतो तो काचेच्या तारेतून. हिला ऑप्टिकल फायबर म्हणतात. केसाएवढी बारीक काच. तिच्यातून वीज वाहत नाही, उजेड वाहतो. उजेड लागतो, विझतो, लागतो, विझतो, सेकंदात कोट्यवधी वेळा. त्या लागण्या-विझण्यातच अक्षरे, आवाज, चित्रे सगळे भरलेले असते. एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. या तारेत तांबे नाही. भंगारवाला तिला काही देत नाही. तेव्हा कोणी तांब्याच्या आशेने तोडली, तर त्याच्या हाती काही लागत नाही, आणि दहा गावे मात्र अंधारात जातात.

आता ही तार येते कशी? आपण श्रीगोंदा तालुक्यातली माणसे. घोडचा कालवा, कुकडीचा कालवा आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. धरणातून मुख्य कालवा निघतो. त्यातून वितरिका. वितरिकेतून चारी. चारीतून पोटचारी, आणि पोटचारीतून आपल्या वाफ्यात पाणी. तारेचेही तसेच आहे. मोठ्या शहरांतून मुख्य तार. तिथून जिल्ह्याला, तालुक्याला. तालुक्यातून ग्रामपंचायतीला. आणि ग्रामपंचायतीतून शाळेला, दवाखान्याला, घराला.

पहिला भाग कंपन्यांनी केला, कारण शहरात गिऱ्हाईक आहे. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची चारी कोणी खणेना. एवढा खर्च करून खेड्यात कोण जातो? म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ साली तिला भारतनेट हे नाव मिळाले. दोन वर्षांत काम उरकू असे आधी वाटले होते. पहिला लाख व्हायलाच डिसेंबर २०१७ उजाडला. पुढच्या टप्प्यात आपल्या महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतले आणि त्याला महानेट नाव दिले. आज देशात दोन लाखांवर ग्रामपंचायतींत तार पोचल्याची नोंद आहे.

नोंद आहे, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कालव्याच्या नकाशावरही सगळ्यांचे शेत भिजलेले दिसते. टेलच्या शेतकऱ्याला विचारा!

आमच्या ओळखीच्या एका गावातली गोष्ट ऐका. गाव कोणते ते विचारू नका. तिथे कागदोपत्री तार पोचली होती. आम्ही एका लग्नाला गेलो होतो, म्हटले बघू तरी. ग्रामपंचायतीत गेलो. कपाटावर जुनी दप्तरे होती. दप्तरांच्या मागे धुळीत ती पेटी होती. तिच्या पिनेच्या जागी पंख्याची पिन लावलेली. शिपाई बिचारा म्हणाला, "गुरुजी, उन्हाळ्यात लई उकडत होतं." आम्ही विचारले, "ही पेटी कशाची?" तो म्हणाला, "कोण जाणे. माणसं आली, लावून गेली, फोटो काढला." गावात चार-पाचशे उंबरा. दारात पाट आला होता, आणि गावाला पत्ता नव्हता. त्या शिपायाला आम्ही दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की हे काय आहे.

ती पेटी ओळखायची कशी, ते ध्यानात ठेवा. तुम्हाला आता वाचता येते. ती लहान असते, वहीएवढी. तिच्यावर बारीक दिवे असतात. एकही दिवा लागलेला नसेल, तर तिला वीज मिळत नाही. पिन पाहा. लाल दिवा लुकलुकत असेल, तर वीज आहे, पण तारेतून उजेड येत नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी तार तुटली असावी. एवढे जरी तुम्ही ग्रामसेवकांना सांगितले, तरी तक्रार कोठे करायची ते त्यांना ठरवता येईल. नुसते "नेट नाही" म्हणू नका. "लाल दिवा लुकलुकतोय" म्हणा. दोन्हींत फार फरक आहे. वैद्याला "बरं वाटत नाही" सांगणे आणि "परवापासून पोटात उजव्या बाजूला दुखतंय" सांगणे, यात आहे तेवढा.

तार तुटते कशाने? बहुतेक वेळा जेसीबीने. रस्ता रुंद करायचा, पाण्याचा पाइप टाकायचा, कोणाला घराचा पाया घ्यायचा. खोदणाऱ्याला खाली काय आहे ठाऊक नसते. जुन्या पद्धतीत तार एका गावातून दुसऱ्या गावात अशी सरळ जाई. मध्ये एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावे बंद. चारी फुटली की टेलचे जसे कोरडे राहतात तसे. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने सुधारित भारतनेट मंजूर केले. त्यासाठी १ लाख ३९ हजार कोटींवर रक्कम ठेवली. त्यात ग्रामपंचायतींना गोलाकार जोडायचे आहे. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने उजेड येत राहील. आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद त्यातच केली आहे. उशिरा सुचले, पण चांगले सुचले. विहीर खणून गाळ न काढणारा शेतकरी आम्ही पुष्कळ पाहिला आहे.

खोदण्यापूर्वी कळवायची सोयही मार्च २०२३ पासून झाली आहे. "कॉल बिफोर यू डिग" असे तिचे इंग्रजी नाव. मोबाईलवर नोंद केली की खाली कोणाची तार, कोणाचा पाइप आहे ते त्या त्या खात्याला कळते. गावातल्या जेसीबीवाल्या पोरांनी तरी हे शिकून घ्यावे.

आता पैशाची गोष्ट. तुम्हाला वाटेल, सरकार फुकट देते आहे, मिळेल तेव्हा मिळेल, आपण कशाला बोलायचे? मंडळी, हे फुकट नाही. २००२ सालापासून असा नियम आहे की प्रत्येक फोन कंपनीने आपल्या हिशेबी उत्पन्नातल्या १०० रुपयांमागे ५ रुपये खेड्यापाड्यांतल्या सेवेसाठीच्या निधीत घालायचे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव डिजिटल भारत निधी झाले. कंपनीचे उत्पन्न कोठून येते? तुमच्या रिचार्जमधून. ज्या बाईंना तीन दिवस खाडा झाला, त्यांनीही दर महिन्याला रिचार्ज मारला होता. तेव्हा या चारीचे पैसे त्यांनी भरलेलेच आहेत. पाणीपट्टी भरल्यावर आपण पाटकऱ्याला पाणी मागायला लाजतो का?

पण तार आली की सगळे आपोआप होईल, असेही नाही. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी तिथे साखर कारखाना उभा केला. १९९८ साली त्या भागातल्या ७० गावांत संगणक बसवण्याचा मोठा प्रकल्प झाला. तेव्हा शहरातसुद्धा फार थोड्या घरांत संगणक होते! शेतकऱ्याला गावातल्या गावात बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी माहिती, सगळे मिळावे असा हेतू. पुढे काय झाले? शेतकरी येत, पण एकाच कामासाठी. आपला ऊस किती टन भरला आणि पैसे कधी मिळणार, एवढेच पाहायला. बाकीचे सगळे पडून राहिले. संगणक जुने झाले, बिघडू लागले. मग २००६ च्या सुमाराला काही गावांत एक प्रयोग झाला. तीच उसाची माहिती साध्या मोबाईलवर संदेशाने देऊन पाहिली. काम भागले.

काही लोक म्हणतात, प्रकल्प फसला. आम्हाला तसे वाटत नाही. शेतकऱ्याने आपल्याला काय हवे ते दाखवून दिले. त्याला त्याचे वजन हवे होते. कारखान्याच्या काट्यावरचे आकडे त्याला उपरण्याबाहेर काढायचे होते. जे हवे होते ते त्याने वापरले. बाकीचे त्याला कोणी विचारून ठेवले नव्हते. म्हणून आम्ही म्हणतो, गावाने आधी आपल्या गरजांची यादी करावी. आपल्याला काय हवे? दुधाचा फॅट आणि दर. कांद्याचा भाव, आपला आणि लासलगावचा. सातबारा. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे, ती ई-पीक पाहणी. मुलींच्या परीक्षेचे अर्ज. एवढे झाले तरी पुष्कळ.

वस्त्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. काष्टी मोठे गाव. गावठाणात काही ना काही सोय होईल. पण आपली निम्मी माणसे शेतात राहतात. डोंगरी भागात तर याहून कठीण. पालघर जिल्ह्यातल्या काही गावांत पवईच्या आयआयटीने टीव्हीच्या मोकळ्या लहरींवरून इंटरनेट नेऊन पाहिले. त्या लहरी झाडाझुडपांतून पार जातात. २०१७ साली त्या कामाला परदेशातले बक्षीस मिळाले. तेव्हा तार जिथे जात नाही तिथेही वाट निघते. आपल्याकडे तर डोंगरही नाही. सुधारित भारतनेटमध्ये असे लिहिले आहे की ग्रामपंचायतीचे मुख्य गाव सोडून बाकीच्या गावांना मागणीप्रमाणे जोडणी द्यायची. मागणीप्रमाणे! हा शब्द वहीत लिहून घ्या. जो मागेल त्याला. जो गप्प बसेल त्याची वस्ती नकाशावर राहील. ग्रामपंचायतीपासून घरापर्यंत तार ओढण्याचे आणि दुरुस्तीचे काम गावातल्याच पोराने करावे आणि उत्पन्नात वाटा घ्यावा, अशीही त्यात सोय आहे. आयटीआय झालेली पोरे चौकात बसून असतात. त्यांच्या कानावर हे घाला.

एक धोकाही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गुरुजींनी गोड तेवढेच सांगितले. तारेतून भला माणूस येतो तसा चोरही येतो. ओटीपी म्हणजे तुमच्या पेटीची किल्ली. बँकेतून बोलतो म्हणून सांगणाऱ्याला ती देऊ नका. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरला फोन करा. आणि केंद्रावर गेलात, तर फोन आपल्या हातात ठेवा. नंबर आपण वाचा, आपण टाका. हळू वाचा. मागे रांग खोळंबली तर खोळंबू द्या.

बाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर निम्मे झाले. उरलेले निम्मे आपण सगळ्यांनी मिळून लिहायचे आहे. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. त्या सभेत द्यायचा अर्ज आज वर्गातच लिहू. मजकूर आम्ही सांगतो. लिहायचा तुम्ही. जोडाक्षर अडले तर विचारा. वह्या काढा.

"मा. सरपंच, ग्रामपंचायत काष्टी, यांस.

आम्ही खाली सह्या करणारे गावकरी अर्ज करतो की, आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटची तार आली आहे काय, व ती आज चालू आहे काय, हे ग्रामसभेत सांगावे. चालू असल्यास शाळा, अंगणवाडी व दवाखान्यास जोडणी द्यावी. चालू नसल्यास तक्रार कोणत्या तारखेस केली ते सांगावे. खाली लिहिलेल्या वस्त्यांची मागणी ठरावात घ्यावी."

आता वस्त्यांची नावे लिहा. प्रत्येकाने आपापल्या वस्तीचे नाव स्वतः लिहायचे. आणि खाली सह्यांना भरपूर जागा सोडा.